गाडी ‘ओसी’ म्हणते

टोलेडो,
९ फेब्रुवारी

प्रिय बंड्या,

आधी शिव्या देऊन घे. काका गेले तेव्हा मी व्हॉट्सॲपवर जोडलेले दोन हात पाठवले आणि गप्प बसलो. फोन करायला कितीदा तुझं नाव काढलं, पण तू ‘हॅलो’ म्हटल्यावर पुढे काय बोलायचं ते सुचेना. चौदा महिने झाले. तब्येतीचं म्हणशील तर शुगर आहे तिथेच आहे, गोळी चालू आहे. पुढे.

लिहायला बसलोय ते एका वायरीपायी. हिला सांगितलं तर म्हणाली, “झालं ना नीट? मग?” तुला तसं म्हणता येणार नाही, म्हणून तुला.

मनू कॉलेजला, मिशिगनच्या उत्तर टोकाला होटनला, आमची चेरोकी जीपच नेते. ९८ ची, इथेच टोलेडोत बनलेली, काकांच्या विलीज जीपची नातच म्हण. घरापासून सहाशे मैल, मध्ये मॅकिनॉचा पाच मैलांचा पूल, आणि तिकडे वर्षाला दोनशे इंच बर्फ. गाडीची मला चिंता नाही, ती तुला-मला पोचवून येईल. उणे दहा असलं की पोरंसुद्धा जपून चालवतात. घात होतो तो शून्याच्या आसपास. रस्ता नुसता ओला दिसतो आणि पुलावर, खालून वारा लागून, त्याची काच झालेली असते. तिला ‘गाडीने जाऊ नकोस’ म्हणायची माझी छाती नाही. आपल्याला कोणी म्हटलं असतं तर आपण ऐकलं असतं का? मग मी ठरवलं, निदान बाहेर किती अंश आहे ते तिला डोक्यावर दिसलं पाहिजे.

आमचं मॉडेल साधं, छताला नुसता दिवा. वरच्या मॉडेलना आरशाच्या वर एक लांबट कन्सोल यायचा, त्यात होकायंत्र आणि तापमान, हिरवट-निळे आकडे. भंगारवाल्याकडे एका चेपलेल्या चेरोकीत सापडला. तुला आवडलं असतं रे ते, बारा एकर नुसत्या मेलेल्या गाड्या, पाना घेऊन जायचं आणि हवं ते स्वतः काढायचं. कन्सोल काढला, छताची पट्टी काढली, वायरिंग शक्य तितकं लांब ठेवून कापलं. सेन्सर पुढे जाळीच्या मागे असतो, बॉनेटच्या कडीजवळ, शेंगदाण्याएवढा. तोही काढला. घरी आणून स्टीलच्या पेल्यात बर्फ-पाणी घेतलं, त्यात सेन्सर बुडवला, मल्टीमीटर लावला: साडेबत्तीस किलोओहम. बाहेर काढून मुठीत धरला तर भराभरा उतरत दहाच्याही खाली. तब्येत ठणठणीत. तो पेला हिने अजून वेगळा ठेवलाय.

छताचं कापड कापायला हात होईना. बाकरवडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून साचा केला, चारदा लावून बघितला, मग ब्लेड घातलं. तरी डावीकडे अर्धा सेंटिमीटर जास्त गेलंच. (तू म्हणशील, तुझं डावीकडे नेहमीच जास्त जातं. कॅरममध्येसुद्धा.) वायरी काचेच्या बाजूच्या खांबातून खाली उतरवल्या, इंजिनाआडच्या पत्र्याच्या, म्हणजे फायरवॉलच्या, रबरी बुचातून पुढे नेल्या. चावी फिरवली आणि आकडे उजळले, तेव्हा मी गाडीत एकटाच ओरडलो. होकायंत्र मात्र उत्तरेला आग्नेय म्हणत होतं. त्याला सरळ करायला मोकळ्या जागी गाडी सावकाश तीनदा गोल फिरवावी लागते. एका बंद दुकानाच्या पार्किंगमध्ये तीन प्रदक्षिणा घातल्या. ही शेजारी बसून म्हणाली, नारळ आणायला हवा होता.

आता मुद्द्यावर येतो. गेलं पानभर टाळतोय.

सेन्सरच्या दोन वायरी पुढे पक्क्या जोडायच्या राहिल्या होत्या. ऑक्टोबर संपत आलेला, वारा असा की बाहेर सोल्डरची इस्त्री तापेना, तापली तर डाग धरेना. मनू दुसऱ्या दिवशी निघणार. मी काय केलं असेल? पीळ मारला, वर काळी टेप गुंडाळली. म्हटलं तात्पुरतं आहे, थँक्सगिव्हिंगला आली की नीट करू. थँक्सगिव्हिंगला आली, ख्रिसमसलाही आली. दोन्ही वेळा आकडा बरोबर दाखवत होता, मग कोण टेप सोडतो. शिवाय मी तिला पढवलं होतं: गाडी उभी असली की इंजिनच्या धगीने आकडा फुगतो, त्यावर जाऊ नकोस, चालायला लागली की हळूहळू खरं बोलतो. सदतीसच्या खाली गेला की पुलावर ब्रेक नाही, पाय हलका. तिला फॅरनहाइटच लागतं. मी बटण दाबून सेल्सिअस करतो, ती परत बदलते.

जानेवारीत परत जाताना मॅकिनॉ ओलांडून ती सेनीच्या रस्त्याला लागली. पंचवीस मैल सरळ, वळण नाही, वस्ती नाही, दोन्ही बाजूला दलदल. अलीकडच्या पंपावरून फोन, अंधार पडलेला. “बाबा, गाडी ओसी म्हणते. ओसी म्हणजे ऑफ कोर्स ना?” हसत होती. ओसी म्हणजे ओपन सर्किट. मला तिथल्या तिथे कळलं कुठली जोड ते. थंडी वाढली की त्या सेन्सरचा रोध वाढतो, हे तुला मी काय शिकवायचं. तार तुटली की गाडीला वाटतं आता थंडीला पारच नाही. मला फोनवर नेमकं तसंच वाटलं. आकडा बघून चालवायची सवय मीच लावली आणि मीच तो काढून घेतला. तिला म्हटलं तिकडे बघू नकोस, ताशी चाळीस मैलांच्या वर जाऊ नकोस, पोचलीस की मेसेज कर. पाच तास मी किचनमध्ये उभा होतो. ही म्हणाली बस तरी. दहा वाजून चाळीस मिनिटांनी मेसेज आला, ‘पोचले, ऑफ कोर्स.’

दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजच्या लॅबमध्ये टेप सोडली आणि फोटो पाठवला. आत हिरवी पूड. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्या पाण्याने तांबं खाऊन टाकलेलं. तिने वायरी मागपर्यंत छाटल्या, सोल्डर केल्या, वर आकसणारी नळी चढवून तापवली. इतकं सुबक काम की तुझंच वाटावं. खाली लिहिलं होतं, “हा पीळ कोणी मारला होता?”

बंड्या, मी लिहिलं, “भंगारवाल्याचं जुनं वायरिंग असेल.”

पाठवलं आणि मला आंबा घाट दिसला. ९३, काकांची जीप, दोन्ही हेडलाइट एकदम गेले. काका शिट्टी वाजवत पहिल्या गिअरमध्ये, तू बॉनेटवर बसून हातात टॉर्च, आणि मी मागून ओरडतोय, “अर्थिंग कच्चं आहे तुमच्या जीपचं!” साखरप्याला तू डॅशबोर्डखाली हात घालून सुटलेला पीळ बाहेर काढलास, तरी मी म्हटलं, हा मेकॅनिकचा. बत्तीस वर्षं आपण ह्यावर भांडलो. तुझ्या लग्नात पंगतीतसुद्धा. काका एकदाच म्हणाले होते, “जाऊ दे रे, उजेड पडेल कधीतरी.” त्यांना माहीत होतं असं मला आता वाटतं. तुला तर होतंच.

तो पीळ माझाच होता. काकांना सांगायचं राहिलं.

वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? शेड हलवणार होतास, हललं का? आणि धाकट्याचं पुण्यातलं कसं चाललंय? सगळं सविस्तर लिही, माझ्यासारखं करू नकोस.

मे महिन्यात ही आणि मनू येताहेत. मनू मिरजेला तुझ्याकडे दोन दिवस राहणार आहे, जीप बघायची आहे तिला. तिला खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही. डॅशबोर्डखाली डोकं घालून ती विचारेलच. तू सांग.

तुझा,
बाळ्या

ता. क. छत्तीस रुपयांची ती सोल्डरची इस्त्री, जी हरवली म्हणून तू आठवडाभर बोलत नव्हतास, तीही माझ्याकडेच आहे. मनूबरोबर पाठवतो.