फोन मध्येच ठेवा, बाबा

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बँकेच्या नावाने आलेल्या त्या फसव्या फोनचा प्रकार मला तब्बल आठ दिवसांनी कळला, आणि तोही काकवीचा डबा कोणाबरोबर पाठवायचा हे ठरवताना आईच्या तोंडून निसटला म्हणून. बाबा, तुम्ही कार्डाचा क्रमांक सांगितलात याचे मला फारसे काही वाटले नाही. तुम्ही तो प्रकार लपवलात याचे वाटले. मला कळले त्याच रात्री बँकेला कळवून आपण कार्ड बंद केले, पण पुढचे बोलायला गेले की तुम्ही ‘झालं ते झालं’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र.

कार्ड विभागातून बोलतो म्हणणाऱ्या त्या माणसाने तुमचे पूर्ण नाव घेतले, कार्डाचे शेवटचे चार आकडे स्वतःच सांगितले, आणि साचलेले रिवॉर्ड पॉइंट आज रात्री रद्द होणार असल्यामुळे त्यांचे ९,८०० रुपये आत्ताच खात्यात जमा करून देतो, असे सांगितले. तुम्ही सोळा आकडी क्रमांक, मुदतीची तारीख आणि कार्डामागचे तीन आकडे दिलेत. ओटीपी सांगणार एवढ्यात आईने मोबाइल हातातून घेतला, आलेला संदेश पहिल्या शब्दापासून वाचला आणि विचारले, “अहो, हे पैसे यायचे का जायचे? यात तर ४८,५०० जायचे दिसतायत.”

आई, तू जे केलेस ते शिकलेसवरलेले लोकही करत नाहीत. ऑनलाइन खरेदीच्या ओटीपीसोबत बहुधा रक्कम आणि पैसे कोणाला जाणार त्याचे नाव लिहिलेले असते. पण पलीकडचा माणूस ‘लवकर सांगा, वेळ संपत आली’ असा धोशा लावतो आणि आपण त्या संदेशात फक्त आकडे शोधतो. घाई त्याच्यासाठीच असते.

बाबा, चौतीस वर्षे तुम्ही बँकेच्या काउंटरवर काढलीत, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते. खातेदाराची सही कशी आहे, हे तुम्ही कधी त्याला फोन करून विचारलेत का? नमुना सही तुमच्याकडे असायची, तो समोर येऊन सही करायचा आणि तुम्ही ती ताडून पाहायचात. ओटीपी ही आजची सही आहे. ती फोनवर मागणाऱ्याला तुमच्या जागी बसून सही करायची आहे, दुसरे काही नाही. शेवटच्या चार आकड्यांवरून त्याच्यावर विश्वास ठेवलात, पण ते आकडे दुकानातल्या पावतीवरही छापलेले असतात, आणि नाव, मोबाइल क्रमांक यांच्या चोरीच्या याद्या बाजारात विकल्या जातात. बँकांच्या फोनसाठी आता १६०० ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवले आहेत, तरी पडद्यावर दिसणारा क्रमांक बनावट असू शकतो. गुगलवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’चा क्रमांकही अनेकदा अशाच टोळीचा निघतो. कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक मात्र खरा.

खरी अडचण तुमच्या स्वभावाची आहे, असे मला वाटते. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आपल्या दारातून कोणी चहा घेतल्याशिवाय परत गेलेले मला आठवत नाही, आणि समोरचा अजून बोलत असताना फोन ठेवणे तुम्हाला उद्धटपणाचे वाटते. ही माणसे नेमक्या त्याच सभ्यतेवर जगतात. “मी कार्डामागच्या नंबरावर फोन करून विचारतो” एवढे एकच वाक्य बोलायचे आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवायचा. खऱ्या बँकेला याचा राग येत नाही.

आता नव्या कार्डाविषयी. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे नवे कार्ड देशातली एटीएम आणि दुकानांतली यंत्रे एवढ्यांपुरतेच सुरू असते. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपण सुरू केले तरच होतात. परदेशी व्यवहार कधीच सुरू करू नका. परदेशातल्या बऱ्याच संकेतस्थळांवर ओटीपीशिवाय, नुसत्या कार्डावरच्या आकड्यांनी पैसे कापले जातात, आणि तुम्ही नेमके तेच आकडे देऊन बसला होता. ते आठ दिवस कोरे गेले हे आपले नशीब. नवे कार्ड ‘सुरू करून देतो’ असा फोनही येईल. व्हॉट्सअॅपवर एपीके, म्हणजे उघडताच मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल आली तर उघडू नका, आणि मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे अॅप कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका. मग ओटीपी विचारावाही लागत नाही, तो त्यांना परस्पर दिसतो.

पुन्हा कधी चूक झालीच, तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करायचे, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी मदत क्रमांकावर कळवायचे. चोरलेले पैसे काही वेळातच एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जातात. ते मध्येच अडवता येतात, पण तक्रार लवकर पोहोचली तरच. रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक तुम्ही नोकरीत नसताना आले, म्हणून सांगते: ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे पैसे गेले असते, तर तुमच्या संकोचाच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब तुमच्याच नावावर पडला असता. रंकाळ्यावर तुमच्याबरोबर फिरायला येणाऱ्या मंडळींनाही हा प्रकार सांगा. त्यांच्यातल्याही एखाद्याने घरी काहीतरी दडवून ठेवले असेल, अशी मला दाट शंका आहे.

आई, फोनशेजारच्या भिंतीवर १९३० आणि बँकेचा क्रमांक तुझ्या मोठ्या अक्षरात लिहून लाव. बाबांना चष्मा सापडेपर्यंत वेळ जायला नको. मी येत्या शनिवारी येत आहे. नव्या कार्डाचे पाकीट तोवर आले, तर तसेच ठेवा, आपण तिघे मिळून उघडू. काकवी आता कोणाबरोबर पाठवू नका, परतताना मीच घेऊन जाईन.

तुमची लेक