मांदेली म्हणजे लहान तारली नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत मांदेली या छोट्या समुद्री माशाला 'तारलीचं पिल्लू' म्हटलंय. वाचून जीव हळहळला. माझं माहेर रत्नागिरीचं, शिवाय सांगलीत मी सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं.

घाटावरून बर्फात आलेली मांदेली काल मुद्दाम घेतली. तिचं तोंड उघडून बघा. नाकाड पुढे आलेलं, खालचा जबडा आखूड आणि तोंडाची चीर पार डोळ्याच्या मागे गेलेली. शेपटी निमुळती होत जाते, पोटाखालचा लांबलचक पर तिला जाऊन मिळतो. तारलीचं तोंड लहान, शेपूट दुभंगलेली.

दोघी क्लुपिफॉर्मिस गणातल्या (गण म्हणजे अनेक कुळांचा मोठा गट), थव्यानं फिरणाऱ्या. पण मांदेलीचं कुळ एन्ग्रॉलिडी. तारली वर्षानुवर्षं क्लुपिइडी कुळात होती, अलीकडे जनुकीय अभ्यासानंतर तिला डोरोसोमॅटिडीत ठेवलंय. दोघींना शास्त्रीय नाव देणारा मात्र एकच, फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन; तारलीला 1847 मध्ये, मांदेलीला 1848 मध्ये.

आमच्या बाजारातल्या मावशी अंधारातसुद्धा नुसत्या बोटांनी दोन्ही वेगळ्या करतात. मुलं पुरवणीतली कात्रणं वहीत चिकटवतात, म्हणून येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली