बाबांची काळी ट्रंक

लॉस एंजेलिस,
26 ऑक्टोबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
कृतानेक साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा चुरा झालाय, पण चव तीच आहे, त्यामुळे चमच्याने खाल्ल्या. अनारसे मात्र अख्खे आले. मी उत्तम आहे. जेवण वेळेवर होतं, झोप होते. व्हिडिओवर बारीक दिसले ते खोलीतल्या दिव्यामुळे. आई, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

आगीचं तू परत विचारलंस. या वर्षी 7 जानेवारीला लागलेल्या आगी टीव्हीवर पाहून तू घाबरली होतीस, तेव्हा मी "लांब आहे" म्हणाले होते. लांबच होती. पण त्या रात्री बॅग भरून मी बुटांसकट सोफ्यावर बसून होते, तेवढं तेव्हा सांगितलं नाही. आता सगळं शांत आहे म्हणून सांगते.

भूकंपाचंही सांगते, म्हणजे अमोल व्हॉट्सअॅपवर पाठवतो ते व्हिडिओ तरी थांबतील. इथे ऑक्टोबरातल्या तिसऱ्या गुरुवारी एक विचित्र प्रकार असतो. यंदा 16 तारखेला सकाळी ठीक 10 वाजून 16 मिनिटांनी आमचं अख्खं ऑफिस टेबलाखाली शिरलं. साहेब, झाडलोट करणाऱ्या बाई, साठीच्या दोन बायका, सगळे. 2008 पासून ही कवायत चालू आहे आणि त्याच वेळी शाळा, बँका, दवाखाने सगळीकडे हेच होतं. गुडघ्यांवर बसायचं, डोकं-मान टेबलाखाली घ्यायची, एका हाताने टेबलाचा पाय धरायचा आणि टेबल सरकलं तर त्याच्यासोबत सरकायचं. बाबा, तुम्ही म्हणाल की बाहेर मोकळ्यावर पळायला हवं. किल्लारीला 1993 मध्ये दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या, तेव्हापासून आपल्याकडे तेच डोक्यात बसलंय आणि तशा घरांसाठी ते खरंही आहे. इथली घरं बहुतेक लाकडी, हलकी असतात. सहसा घर पडत नाही, घरातलं कपाट पडतं, काच फुटते, आणि पळणारा माणूस जखमी होतो. म्हणून रात्री पलंगाशी एका पिशवीत बूट आणि टॉर्च बांधून ठेवायचे. अंधारात अनवाणी काचेवर पाय पडू नये म्हणून. माझेही आहेत. पाणी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, असं निदान तीन दिवसांचं साठवायचं. पाणी भरून ठेवायला आई, मला कोणी शिकवावं लागलं नाही.

भाऊकाका म्हणाले म्हणे की पोरगी परक्या फौजेची चाकरी करते. त्यांना सांगा, फौजेची नाही, फौजेतून निवृत्त झालेल्यांची. इथल्या माजी सैनिकांच्या खात्याकडे सुमारे 90 लाख लोकांनी औषधोपचारासाठी नाव नोंदवलंय. आमची कंपनी त्यांच्या एका दवाखान्यासाठी आपत्तीची तयारी करते. वारा सुटला की आग लागू नये म्हणून इथे वीज कंपनीच मुद्दाम लाइट बंद करते. ज्या म्हाताऱ्याचा ऑक्सिजन विजेच्या मशीनवर चालतो त्याने तेव्हा काय करायचं? तर आमच्याकडे यादी असते. कोण ऑक्सिजनवर, कोण डायलिसिसवर, कोण एकटा, कोण चौथ्या मजल्यावर आणि व्हीलचेअरवर. वारा सुटायच्या आधी फोन करायचा, सिलिंडर भरलेला आहे का, मुलीकडे जाणार का, गाडी पाठवू का. यादी सतत ताजी ठेवणं हेच खरं काम. माणसं घर बदलतात, नंबर बदलतात, काही वारतात.

माझ्या घरापासून थोड्या अंतरावर सिल्मारला एक बाग आहे. तिथे पूर्वी माजी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. 9 फेब्रुवारी 1971 ला पहाटे सहाला भूकंप झाला आणि 1920 च्या दशकातल्या जुन्या इमारती कोसळल्या. 40 हून जास्त माणसं गेली. लढाईतून परत आलेली माणसं खाटेवर गेली. रविवारी मी तिथे फिरायला जाते. बाबा, तुम्ही इथे असतात तर दोन मिनिटं टोपी काढून उभे राहिला असतात.

पण मला खरं लिहायचंय ते 2005 बद्दल. आपल्याकडे 26 जुलैचा पूर आला, त्यानंतर साधारण महिन्याभराने 29 ऑगस्टला न्यू ऑर्लिन्सला कट्रीना वादळ आलं. तिथलं माजी सैनिकांचं हॉस्पिटल पाण्यात गेलं, रुग्ण दुसऱ्या राज्यांत हलवावे लागले. पण त्यांच्या आजाराच्या नोंदी संगणकावर होत्या. त्या काही दिवसांत दुसरीकडून उघडता आल्या, आणि माणूस ज्या गावी पोचला तिथल्या डॉक्टरला कळलं की याला काय आजार आहे, कोणती गोळी चालू आहे. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आपल्या पलंगाखालची काळी ट्रंक आठवली. कळव्याच्या खोलीत पाणी पलंगापर्यंत चढलं होतं आणि तुमचं फौजेतलं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, बेळगावच्या फौजी सेंटरमधला ग्रुप फोटो, सगळं त्या ट्रंकेत. आईने एकेक पान इस्त्रीखाली वाळवलं. मी बारा वर्षांची होते, पानं मोजून देत होते. तुम्ही एक शब्द बोलला नव्हता. शिक्क्याची शाई पसरलेलं ते पान आजही तसंच आहे.

न्यू ऑर्लिन्सला नवं हॉस्पिटल 2016 मध्ये सुरू झालं. महत्त्वाची यंत्रं पुराच्या पाण्याच्या वर चढवलीत, अपघात विभाग वरच्या मजल्यावर आहे, आणि अॅम्ब्युलन्सचा उतार असा बांधलाय की वेळ आली तर तिथे होडी लागेल. आतली हजार माणसं पाच दिवस तग धरतील एवढी सोय आहे.

म्हणून सोसायटीच्या पुनर्विकासाबद्दल सांगते. गुडघ्यांसाठी तळमजला मागू नका. दुसरा किंवा तिसरा घ्या. आणि मीटर रूम, पंप, जनरेटर जमिनीवर किंवा बेसमेंटला नको, उंच चौथऱ्यावर हवेत, हे बिल्डरकडून लेखी घ्या. कमिटीत तुमचं ऐकतात. सही करायच्या आधी मला कागदांचे फोटो पाठवा.

ट्रंक पलंगाखाली परत गेलीय, अमोलने सांगितलं. ती माळ्यावर चढवा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, माजी सैनिकांच्या औषधोपचाराचं ईसीएचएस कार्ड, आधार, सगळ्याचे फोटो अमोलच्या आणि माझ्या फोनमध्ये असू देत. पंधरा दिवसांच्या गोळ्या वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात. इथे वादळ-आगीच्या वेळी माजी सैनिकाने गोळ्यांची रिकामी बाटली दाखवली तरी बाहेरच्या दुकानातून महिन्याचं औषध मिळण्याची सोय करतात. आपल्याकडे रिकामं पाकीट तरी जपून ठेवा. फ्रिजवर 108 आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 मोठ्या अक्षरात लिहून लावा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरू नका.

गेल्या महिन्यात एका आजोबांनी फोनवर विचारलं, तुझे वडील कोणत्या गोळ्या घेतात? मी त्यांना सांगत होते ना, औषधांची यादी करा म्हणून. मला सांगता येईना. सकाळची पांढरी आणि रात्रीची अर्धी, एवढंच आठवलं. दोनशे माणसांचं ऑक्सिजनचं प्रमाण माझ्याकडे लिहिलेलं आहे. आई, सगळ्या गोळ्यांची नावं लिहून आजच पाठव. त्या दिवशी ऑफिसमधून फोन केला होता तो याचसाठी, पण तू पाहुण्यांत होतीस म्हणून काही बोलले नाही.

पैशांचं: अमोलच्या लग्नाच्या हॉलसाठी तीन लाख पाठवलेत, सोमवारपर्यंत खात्यात दिसतील. बाबांनी एफडी मोडू नये. साखरपुड्याला मला येता येणार नाही, रजा उरलेली नाही. माघातल्या मुहूर्ताला नक्की येते, तिकिटं बघतेय. सुनबाईंना माझ्याकडून पैठणी आईने निवडावी, रंग तिला विचारून. आणि डोंबिवलीच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगला असेल, पण आत्ता नाही. रागावू नकोस, आल्यावर समोर बसून बोलू.

बाबा, मी इथे फोनवर जे म्हाताऱ्यांना विचारते ते सगळं तुम्हाला रोज विचारायला हवं, ते होत नाही. पुढच्या रविवारपासून तुमच्या सकाळी आठला फोन करेन. गोळ्या घेतल्यात का, एवढंच विचारेन.

ट्रंक माळ्यावर चढवली की अमोलला फोटो पाठवायला सांगा. तुम्ही स्वतः स्टुलावर चढू नका.

तुमची,
सुजाता