बोटालाच तर लागलंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपली आरोग्य पुरवणी मी नेमाने वाचतो. हृदय, किडनी, गुडघे, पाठ, केस गळणं सगळ्यावर लेख येऊन गेले आणि चांगले आले, पण बोटावर एकही वाचल्याचं मला आठवत नाही. मी डेंटिस्ट आहे, प्रॅक्टिसला 28 वर्षं झाली, आणि हे पत्र लिहायची वेळ माझ्याच उजव्या हाताच्या मधल्या बोटामुळे आलीये.

गादीवर चादर घालत होतो, कड आत खोचताना मधलं बोट टोकाशी दुमडलं, टच्च असं काहीतरी जाणवलं, बस एवढंच. रक्त नाही, सूज नाही, फारसं दुखलंही नाही. रात्री बघतो तर शेवटचं पेर खाली झुकलेलं, कितीही जोर लावला तरी आपणहून वर येईना, दुसऱ्या हाताने उचललं की वर यायचं आणि सोडलं की परत खाली. मी मनात म्हटलं बोटालाच तर लागलंय, होईल दोन दिवसांत, आणि त्या दोन दिवसांचे बारा दिवस झाले कारण दुखत नव्हतं आणि पेशंट थांबलेले होते. शेवटी हँड सर्जनला दाखवलं. याला मॅलेट फिंगर म्हणतात. बोटाच्या पाठीवरून येऊन शेवटचं पेर सरळ करणारा जो टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, असतो तो टोकाशी तुटतो किंवा हाडापासून सुटतो, कधी हाडाचा बारीक तुकडाच सोबत घेऊन निघतो, म्हणून एक्स-रे काढावाच लागतो. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, नुसती स्प्लिंट, म्हणजे पेर सरळ धरून ठेवणारी पट्टी, पुरते, पण ती 6 ते 8 आठवडे चोवीस तास, झोपेत, अंघोळीत, कायम. साफ करायला काढायची झाली तर पेर टेबलावर सपाट टेकवून ठेवायचं, आणि मधे एकदा जरी ते वाकलं तरी मोजणी परत पहिल्या दिवसापासून. मला 8 आठवडे लागले, स्प्लिंटवर ग्लोव्ह नीट बसेना म्हणून रूट कॅनालची कामं बंद ठेवावी लागली, आणि आजही ते पेर पुरतं सरळ होत नाही. पहिल्याच दिवशी गेलो असतो तर कदाचित झालं असतं. मी स्वतः वैद्यकीय क्षेत्रातला असून ही चूक केली, म्हणून इतरांनी तरी करू नये असं फार मनापासून वाटतं.

बोट छोटं दिसतं पण आत किती गर्दी आहे ते लोकांना माहीत नसतं. अंगठ्याला दोन आणि बाकीच्या चार बोटांना तीन तीन अशी एका हाताच्या बोटांत 14 हाडं असतात, पण ती हाडं हलवणारे स्नायू मात्र बोटात नाहीतच, ते तळहातात आणि कोपराखालच्या हातात असतात. खोटं वाटत असेल तर एका हाताने दुसरा हात कोपराच्या थोडा खाली धरा आणि बोटं हलवून बघा, आत काहीतरी सरकताना जाणवेल. तिथून निघालेले टेंडन दोरीसारखे बोटापर्यंत येतात आणि बोटात शिरल्यावर एका अरुंद बोगद्यातून जातात. बोट वाकवणारे दोन टेंडन त्या एकाच बोगद्यात असतात, वरचा मधे दुभंगतो आणि त्याच्या फटीतून खालचा पुढे टोकाकडे जातो. शरीरातली इतकी सुंदर रचना मला तरी दुसरी माहीत नाही, आणि दुरुस्तीला इतकी अवघडही! तळहाताच्या पुढच्या भागापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या या पट्ट्याला सर्जन लोक नो मॅन्स लँड म्हणायचे, कारण तिथे टेंडन लगेच शिवला की तो बोगद्यालाच चिकटून बसायचा आणि बोट कायमचं ताठ व्हायचं. 1960 च्या दशकापासून हे चित्र बदललं, आता तिथलेही टेंडन वेळेत शिवतात आणि नंतर फिजिओथेरपीने बोट चालतं करतात.

म्हणूनच बोटाच्या आतल्या बाजूला सुरी किंवा काच लागली तर वरची कातडी शिवली आणि झालं असं समजू नका. जखम एक सेंटीमीटरची असते आणि आत दोन्ही टेंडन तुटलेले असू शकतात. प्रत्येक पेर वेगवेगळं वाकतंय का ते बघायला डॉक्टरांना सांगा. बोटाच्या दोन्ही कडांनी स्पर्श कळवणारी एकेक नस (नर्व्ह) जाते, त्यामुळे टोकाला दोन्ही बाजूंनी स्पर्श कळतोय का हेही तपासून घ्या, एक बाजू बधीर असेल तर त्या बाजूची नस कापली गेलेली असू शकते. आणि हाताला काहीही लागलं तरी सगळ्यात आधी अंगठी काढा, सूज चढल्यावर ती निघत नाही आणि मग तीच रक्त अडवते.

बोट तुटून वेगळं झालं तर घाबरून लोक ते थेट बर्फात टाकतात, त्याने पेशी मरतात. पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवणंही चूक. स्वच्छ कापड किंवा गॉझ सलाईनने ओलसर करून त्यात बोट गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची, बोटाला बर्फ लागता कामा नये. रक्त थांबलं की सगळ्यात आधी मरतो तो स्नायू, आणि बोटात स्नायू नसल्यामुळे तुटलेलं बोट हातापेक्षा जास्त वेळ टिकतं, साध्या तापमानाला साधारण 12 तास आणि असं थंड ठेवलं तर 24 तासांच्या आसपास. पूर्ण तुटलेला अंगठा मायक्रोस्कोपखाली जोडायचं काम जपानमधल्या नारा इथे कोमात्सु आणि तामाई या सर्जननी 1965 मध्येच करून दाखवलंय, एक मिलिमीटरच्या आसपासच्या रक्तवाहिन्या शिवून. प्रत्येक बोट जोडता येतंच असं नाही, चेंगरलेलं असेल तर फार अवघड जातं, पण ते ठरवायचं काम सर्जनचं, आपण ते फेकून देऊन ठरवायचं नाही.

नखुरडं तर घरोघरी होतं आणि बहुतेक वेळा बरंही होतं, पण सगळं बोट फुगलंय, अर्धवट वाकलेलं राहतंय, आतल्या बाजूने लांबीभर दुखतंय आणि सरळ करायला गेलं की जीव जातोय अशी अवस्था असेल तर इन्फेक्शन त्या बोगद्यात शिरलेलं असू शकतं. तेव्हा लेप लावून सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. आमच्या पेशात एक वेगळं नखुरडं असायचं, पेशंटच्या तोंडातला हर्पीसचा व्हायरस डॉक्टरांच्या बोटात शिरायचा. बारीक फोड येतात, पू झाल्यासारखं दिसतं, पण ते कापायचं नसतं, कापलं तर उलट चिघळतं. ग्लोव्हज सर्रास वापरात आले ते 1980 च्या दशकात, त्याआधीच्या डेंटिस्टनी उघड्या बोटांनी आयुष्यभर कामं केली.

आणि एक्स-रेने तर बोटंच खाल्ली. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे डेंटिस्ट सी. एडमंड केल्स यांनी 1896 च्या सुमाराला दातांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली, मशीन नीट सेट झालंय का हे बघायला ते स्वतःचाच हात किरणांपुढे धरायचे. कॅन्सर झाला, एकामागून एक ऑपरेशनं झाली, आधी बोटं गेली मग हात, आणि 1928 मध्ये त्यांचा दुःखद अंत झाला. आज डेंटिस्टने किंवा असिस्टंटने एक्स-रेची फिल्म पेशंटच्या तोंडात स्वतःच्या बोटाने धरायची नाही हा नियम आहे तो असल्या किमतीवर आलाय, आणि तो मोडताना कोणी दिसलं तर मला खरंच राग येतो.

इतकी मशिन्स आली तरी आमचं पहिलं हत्यार बोटच आहे. वरच्या दातांवर बाहेरून बोट ठेवून पेशंटला चावायला सांगितलं की ज्या दाताला जास्त मार बसतो तो थरथरतो आणि ते बोटाला कळतं. बोटाच्या टोकाला दोन तीन मिलिमीटरवरचे दोन बिंदूसुद्धा वेगळे कळतात, पाठीवर तेच काही सेंटीमीटर लांब असावे लागतात.

पेशंटची बोटंही पुष्कळ सांगतात. खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेल्या माणसाची नखं माझ्या नजरेसमोरच असतात. टोकं ढोलाच्या काठीसारखी फुगलेली दिसली तर मी दोन्ही हातांची सारखीच बोटं नखाला नख लावून धरायला सांगतो, नखांच्या मुळाशी हिऱ्याच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी, ती बुजली असेल तर फुप्फुसं आणि हृदय तपासून घ्यायला पाठवतो. ही साधी टेस्ट डॉ. लिओ श्यामरोथ या हृदयतज्ज्ञांनी 1976 मध्ये लिहिली, तीही स्वतःच्या बोटांवरून, त्यांना हृदयाच्या आतल्या अस्तराचं इन्फेक्शन झालं होतं. या आजाराचे जंतू कधीकधी तोंडातून रक्तात गेलेले असतात, म्हणून मला ती टेस्ट आमचीही वाटते. लहान मुलांचं तर मी तोंडाआधी अंगठे बघतो, एकच अंगठा बाकी बोटांपेक्षा स्वच्छ आणि पांढरट असेल तर तो चोखला जातोय. तीन चार वर्षांपर्यंत काळजी नको, पण पक्के दात यायच्या वयापर्यंत सवय टिकली तर वरचे दात पुढे येतात आणि समोर फट राहते. मुलांना मारू नका, वेळेत दाखवा.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत एक चौकट द्या, झुकलेलं पेर, कापलेलं बोट, तुटलेलं बोट आणि फुगलेलं बोट, चारही चित्रांसकट. मजकूर मी लिहून देतो, एखाद्या हँड सर्जनकडून तपासूनही आणतो, चित्रं काढायला माझं बोट आता पुरेसं सरळ झालंय.

आपला,
एक डेंटिस्ट वाचक