स्वेटर, फवारणी आणि बाकीचं

ती. आई आणि अण्णांना साष्टांग नमस्कार.

फोन होतोच, तरी पत्र लिहितेय. फोनवर अण्णा दोन मिनिटांत "बरं, आईला देतो" म्हणून मोकळे होतात आणि आईचं एकच पालुपद, की दिवसभर विषात हात घालून तुला काही होणार तर नाही? नाही होणार. तणनाशकाची मूळ पूड वजन करायची ती काचेच्या कपाटात, तिथली हवा पंखा परस्पर बाहेर ओढून नेतो. पुढचं सगळं काम मायक्रोलिटरमध्ये. एका थेंबात असे साधारण पन्नास मायक्रोलिटर मावतात, त्यातही पाणीच जास्त. अण्णा एका फवारणीला जेवढं ओततात तेवढं मी जन्मभरात हाताळणार नाही. तेव्हा काळजी कोणी कोणाची करायची ते तूच ठरव.

फोटोत तू विणलेला स्वेटर दिसत नाही, म्हणून तू रुसलीस असं सोन्या म्हणाला. अगं, लॅबमध्ये लोकर घालून यायलाच बंदी आहे. कोणालाही सांगितलं की हसतात, पण त्याला कारण आहे. आमचं काम तणनाशक दिलेल्या पेशीतली प्रथिनं ओळखायचं आणि मोजायचं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. आधी पेशी फोडायच्या, मग ट्रिप्सिन नावाच्या, प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने त्यांचे तुकडे करायचे. ट्रिप्सिन वाटेल तिथे कापत नाही, साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन ही अमिनो आम्लं आली की त्यांच्यापुढेच कापतं. ते तुकडे मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या मशीनमध्ये सोडले की त्यांच्या वजनावरून कुठला तुकडा कुठल्या प्रथिनाचा ते कळतं. आता केस, नखं, कातडीचा वरचा थर आणि मेंढीची लोकर, हे सगळं केराटिन. तेही प्रथिनच. मनगटावरचा डोळ्यांना न दिसणारा कोंडा नळीत पडला तरी मशीन बिचारं त्याचेच तुकडे मोजत बसतं आणि ज्या प्रथिनासाठी एवढा खटाटोप केला ते खाली दबून जातं. म्हणून उघड्या नळीवर कोणी वाकत नाही, नळीवर तोंड करून बोलत नाही, चुकून गालाला हात लागला तर हातमोजे बदलतात. मेंढीचं केराटिन माणसाच्या केराटिनपेक्षा थोडं वेगळं असल्यामुळे कोणी लोकर घालून आलं होतं हे मशीनच्या कागदावर छापून येतं! तर स्वेटर घरी घालते. रोज घालते.

आता अण्णा, तुमच्यासाठी. विकणारे म्हणतात की तुमच्या पहिल्या डब्यातलं ग्लायफोसेट हे तणनाशक माणसाला बाधत नाही, कारण ते ज्या एन्झाइमला अडवतं ते माणसात नसतंच. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ते एन्झाइम वनस्पतींत, बुरशीत आणि बऱ्याच जीवाणूंत असतं. त्यावाचून त्यांना तीन अमिनो आम्लं बनवता येत नाहीत आणि तण वाळतं. आपण ती तशी बनवतच नाही, दोन अन्नातून घेतो आणि तिसरं त्यातल्याच एकापासून करतो, त्यामुळे अडवायला काही नाही. पण डब्यात निव्वळ ग्लायफोसेट नसतं. थेंब पानावर पसरून चिकटावा म्हणून त्यात साबणासारखं द्रव्य घातलेलं असतं, आणि बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशींना त्यातली काही द्रव्यं खुद्द ग्लायफोसेटपेक्षा जास्त छळतात, कारण पेशीचं आवरण शेवटी मेदाचं. पीओईए नावाचं असं एक द्रव्य युरोपने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या डब्यांतून काढायला लावलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं आणि त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तसं संभवत नाही म्हटलं, त्यातही हा भाग आहे. पहिलीने तयार औषधंही विचारात घेतली, दुसरीचा निकाल मुख्य घटकापुरता होता. मला विचाराल तर डबा जसा विकला जातो तसाच तपासायला हवा.

काकांनी मेसेज पुढे पाठवलाय की ग्लायफोसेट आपल्या प्रथिनांत ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी जाऊन बसतं आणि मग सगळे रोग होतात. त्यांना माझ्याकडून नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की ग्लायफोसेटमध्ये ग्लायसिनचा सांगाडा आहे, पण साखळीत जोडून घ्यायला जो नायट्रोजन मोकळा लागतो त्यालाच फॉस्फरसवालं शेपूट चिकटलेलं आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी २०१९ मध्ये माणसाच्या पेशींना ग्लायफोसेट देऊन त्यांच्या प्रथिनांत ते शोधलं. अशी अदलाबदल झाल्याचं त्यांना दिसलं नाही. उगाच घाबरवणाऱ्या गोष्टींमुळे खरी घाबरायची गोष्ट कोणी ऐकत नाही, म्हणून मला या मेसेजचा राग येतो.

ती खरी गोष्ट म्हणजे पॅराक्वाट. तुमच्या खोलीतला तणनाशकाचा दुसरा डबा. त्याचा रेणू पेशीतून एक इलेक्ट्रॉन घेतो, ऑक्सिजनला देतो आणि रिकामा होऊन पुन्हा घ्यायला येतो. स्वतः संपत नाही, हीच खोड. असा बिथरलेला ऑक्सिजन प्रथिनांना डसतो, त्यांची घडी मोडते. फुप्फुसाच्या पेशी तर हे विष स्वतःच आत ओढून साठवतात. यावर उतारा नाही, आणि सुरुवातीला प्राणवायू लावायलाही डॉक्टर कचरतात, कारण त्याने आग वाढते. युरोपात २००७ पासून ते बंद आहे.

मला जे रोज दिसतं ते असं. डोस मोठा असला तर पेशी आक्रसून गोल होतात आणि बशीचा तळ सोडून तरंगायला लागतात, ते कोणालाही कळेल. डोस लहान असला तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी अगदी धडधाकट. आत मात्र धावपळ. कीप-१ नावाचं प्रथिन एनआरएफ-२ नावाच्या, बचाव सुरू करणाऱ्या प्रथिनाला धरून सतत मोडीत पाठवत असतं, मारा सुरू झाला की त्याची पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात जातं आणि बचावाची प्रथिनं भराभर बनायला लागतात. बिघडलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण बसते आणि ती भंगारात जातात. पेशी हे काही काळ निभावते. बशीतलं सगळं जसंच्या तसं माणसाला लागू होत नाही, शरीराला यकृत आहे, मूत्रपिंड आहे, आणि आम्ही देतो तेवढा डोस पेशीपर्यंत सहसा पोचतही नाही. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही.

पण अण्णा, अडकलेला नोझल तोंडाने फुंकायचा नाही. पाठीवरच्या पंपाच्या झाकणातून पाझरतं आणि सदरा पाठीला चिकटलेला असतो, तो तसाच संध्याकाळपर्यंत ठेवायचा नाही. धड कातडीतून पॅराक्वाट फारसं आत जात नाही, चिरलेल्या कातडीतून जातं, आणि तुमचे हात कसे आहेत ते मला माहीत आहे. सगळ्यात जास्त धोका औषध पाण्यात मिसळताना, तेव्हा तरी हातमोजे. मी इथे एका थेंबासाठी दोन-दोन जोड बदलते आणि तुम्ही काठीऐवजी हाताने ढवळता, हे मला झोपताना आठवतं. पॅराक्वाट या हंगामात आणूच नका. खुरपणीची मजुरी मी देते.

आई, त्या स्थळाबद्दल. 'केमिकलच्या कामामुळे पुढे मुलाबाळांचं काय' असं त्यांनी विचारलं, त्यात गैर काही नाही. आमच्याकडे गरोदर बाईला या कामावरून बाजूला करतात, आणि पूड वजन करताना काय काळजी घेते ते वर लिहिलंच आहे. मुलाशी मी स्वतः बोलेन, तू मध्ये पडून तिखटमीठ लावू नकोस. वय मोजणं मात्र बंद कर. आत्यालाही सांग.

या वर्षी येणं जमणार नाही. मशीनवर माझा नंबर नेमका सुट्टीत लागलाय, हे खरंच आहे, बहाणा नाही. तिकिटाचे पैसे वाचले ते सोन्याच्या फीसाठी पाठवलेत, उरतील त्यातून मजुरी द्या आणि अण्णांचे डोळे तपासून घ्या. बँकेतून मेसेज आला की कळवा. सोन्याला म्हणावं, पावतीचा फोटो आणि त्या दोन्ही डब्यांच्या लेबलचा फोटो मला पाठव, मागची बाजूसुद्धा, बारीक अक्षरं वाचता येतील असा.

तुमची
मनू