न्यूग्रेंज 'कव्हर' झालेलं नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई.

दि. १६ ऑक्टोबर

विषय : सप्टेंबरमधली आपली आयर्लंड सहल (दहा दिवस, नऊ रात्री), बुकिंग तीन व्यक्तींचे.

महोदय,

सप्रेम नमस्कार वगैरे आज लिहीत नाही. परवा मंगळवारी आपल्या ग्राहक सेवेशी माझं सातव्यांदा बोलणं झालं. फोन ठेवून पाच मिनिटं होत नाहीत तोवर मेसेज आला, 'आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे. कृपया आम्हाला १ ते ५ मध्ये गुण द्या.' गुण देतो आहे. जरा सविस्तर.

सहल आपलीच आहे, तेव्हा कुठून निघालो आणि कुठे पोहोचलो हे सांगत बसत नाही. माझं म्हणणं तिसऱ्या दिवसाबद्दल आहे. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे, 'न्यूग्रेंज या ५००० वर्षं जुन्या वारसास्थळाला भेट'. न्यूग्रेंज म्हणजे टेकडीवरचं प्राचीन दगडी थडगं, आत एक बोळ आणि एक खोली. आम्हाला तिथे नेलंच नाही. तक्रार एवढीच आहे. पण आपल्याकडच्या सात जणांना ती समजली नाही, म्हणून पुढचं लिहावं लागतंय.

मी पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढली. वेळा टिपून ठेवायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही, त्यामुळे खालचे आकडे अंदाजाचे नाहीत. सकाळी ९.४० ला आपली बस ब्रू ना बोइन्यच्या (न्यूग्रेंज ज्या परिसरात आहे, त्याचं नाव) माहिती केंद्राशी थांबली. न्यूग्रेंजपर्यंत कुणालाही आपली गाडी घेऊन जाता येत नाही. या केंद्रातूनच तिकीट, मग नदीवरचा पूल चालत ओलांडायचा, पलीकडे त्यांची शटल बस, आणि ठरलेल्या वेळेला मोजक्याच लोकांना आत प्रवेश. खिडकीवरच्या बाईंनी हे मला दोन मिनिटांत समजावून सांगितलं. मोठ्या गटाने आगाऊ आरक्षण करायचं असतं, हेही सांगितलं. आपली कंपनी वर्षानुवर्षं परदेशी सहली काढते, तिला हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. ठाऊक होतं, म्हणूनच आमच्या ३१ जणांसाठी फक्त प्रदर्शनाची तिकिटं काढलेली होती. आत जायची एकही नव्हती.

मग आपल्या टूर मॅनेजरांनी आम्हाला बॉइन नदीच्या अलीकडे उभं केलं आणि हात लांब करून म्हणाले, "ती समोर टेकडीवर पांढरी भिंत दिसतेय ना, तेच न्यूग्रेंज. पटापट फोटो काढून घ्या." नदीच्या अलीकडून! पंढरपूरला न्यायचं म्हणून पैसे घ्यायचे आणि चंद्रभागेच्या वाळवंटातून कळस दाखवून परत फिरवायचं, यातला प्रकार. (वारकऱ्याला कळसाचं दर्शनही पुरतं, पण त्याने त्यासाठी तीन लाख पंच्याऐंशी हजार भरलेले नसतात.)

१०.३० ला आम्ही बसमध्ये. १२.२० ते ३.३० एका आउटलेट मॉलमध्ये. तीन तास दहा मिनिटं. तिथल्या तिकिटांची अडचण आली नाही.

आता हे स्थळ मला इतकं का खुपतंय, तेही सांगतो. मी कोल्हापूरचा. नोव्हेंबर आणि जानेवारीअखेर अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. लहानपणापासून बघत आलोय, आणि पुढे खात्यात लागल्यावर विचार करायचो, हा कोन साधला कसा असेल. न्यूग्रेंजला तेच उगवतीला होतं. २१ डिसेंबरच्या आसपास, दाराच्या वर दगडात ठेवलेल्या एका झरोक्यातून सूर्य १९ मीटर लांबीच्या बोळातून आतल्या खोलीपर्यंत जातो आणि सुमारे १७ मिनिटं राहतो. हे इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास बांधलंय, इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधी. खोलीचं छत एकावर एक दगड पुढे सरकवत सहा मीटर उंच नेलंय, सांधे भाजलेली माती आणि समुद्राची वाळू घालून बुजवलेत, आणि ते आजतागायत गळत नाही. ज्याने कॅनॉलच्या अस्तरीकरणाची बिलं पास केलीत आणि दुसऱ्याच वर्षी गळती बघितलीय, त्या माणसाला या छताखाली दोन मिनिटं उभं राहायचं होतं. बाकी आयर्लंड ही आमची सौ. आणि तिची थोरली बहीण, आमच्या अक्का, यांची हौस. मी पैसे भरले ते या खोलीसाठी.

हे मी आपल्या कोल्हापूर शाखेत बुकिंग करताना बोललो होतो. "आत नेणार ना?" असं विचारलं होतं. "हो काका, सगळं इन्क्लुडेड," असं उत्तर मिळालं. ईमेलवरही तेच आलं. प्रत सोबत जोडली आहे.

आता मंगळवारचा फोन. दुपारी ४.१० ते ४.४८. त्यातली १९ मिनिटं मी आपल्या जाहिरातीतली ती तुतारी ऐकत होतो. मग एक तरुण प्रतिनिधी आले. आधीच्या सहा वेळा सांगितलेलं मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, "काका, सिस्टिममध्ये न्यूग्रेंज कव्हर्ड दिसतंय."

मी म्हटलं, दिसत असेल, पण झालेलं नाही.

"काका, टूर मॅनेजरने कव्हर्ड मार्क केलंय. आणि तुम्ही तिथे फोटोही काढलेत ना?"

मी म्हटलं, नदीच्या अलीकडून काढलेत. मी विमानातून आल्प्स पाहिले म्हणजे मी ते चढलो असं होत नाही.

यावर थोडा वेळ कीबोर्डचा आवाज. मग, "काका, तुम्हाला जायंट्स कॉजवेपण कव्हर्ड आहे. तो तर आवडला असेल?"

महोदय, जायंट्स कॉजवे हा समुद्रकाठचा दगडी खांबांचा किनारा अँट्रिम परगण्यात आहे, उत्तर आयर्लंडात, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात. आमची बस त्या दिशेला वळलीसुद्धा नाही, कारण तो आपल्या दुसऱ्या सहलीत आहे. म्हणजे जिथे मी पाऊल टाकलं नाही ते आपल्या सिस्टिममध्ये माझं बघून झालंय. आपली सिस्टिम माझ्यापेक्षा जास्त फिरली आहे, तिचं अभिनंदन.

हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. (सौ.चं म्हणणं वेगळं आहे. तिच्या मते शेजारचे कुलकर्णी गॅलरीत आले होते.) मग त्यांनी जे विचारलं ते मी शब्दशः वहीत लिहून ठेवलंय. "पण काका, आत तसं काय असतं? दगडच ना? आणि मी आत्ता गूगल केलं, आत अंधार असतो."

अंधारच बघायला गेलो होतो मी! आत नेल्यावर तिथले मार्गदर्शक मुद्दाम दिवे मालवतात आणि मग बारीकशा विजेच्या झोताने तो सूर्योदय करून दाखवतात, कारण खरा सूर्योदय बघायला सोडत काढून थोड्यांनाच बोलावतात. तो अंधार, ती तिरीप, एवढ्यासाठीच ते तिकीट असतं. 'आत अंधार असतो' हे ज्या कंपनीचा माणूस सबब म्हणून सांगतो, तिने उद्या अंबाबाईच्या गाभाऱ्याबद्दलही हेच सांगायला कमी करू नये.

आणि 'काका' म्हणणं थांबवा. सात फोनमध्ये मला ४१ वेळा काका म्हटलं गेलं. पुतण्याने काकाचे पैसे बुडवायची आपल्याकडे परंपरा आहे, ती मला माहीत आहे, पण मी त्या अर्थाने कुणाचा काका लागत नाही.

शेवटी मिळालं काय, तर प्रत्येकी २,५०० रुपयांचं व्हाउचर. पुढच्या परदेश सहलीवर, ३१ डिसेंबरच्या आत बुकिंग केल्यास.

आता बाकीचंही निघालंच आहे तर लिहितो, पण थोडक्यात. समुद्रकाठचे मोहेरचे कडे. सर्वांत उंच जागी २१४ मीटर, म्हणजे आमच्या राधानगरी धरणाची भिंत पाच वेळा एकावर एक ठेवावी तेवढे. तिथे आम्हाला ३५ मिनिटं दिली. पार्किंगपासून ओब्रायन टॉवरपर्यंत चढून परत यायलाच अक्कांना तेवढी लागतात, त्या खालीच बाकावर बसून राहिल्या. वेळ का नाही, तर सकाळी हॉटेलातून निघायलाच सव्वा तास उशीर. कारण टूर मॅनेजर खाली उतरले नव्हते. पण गाडीत माइकवरून त्यांनी काय सांगावं, "ड्रायव्हर आडमुठा आहे, मधे थांबतोय." त्या ड्रायव्हरने साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं गाडी उभी करायलाच हवी, तो तिथला कायदा आहे, आणि तो पाळतात म्हणून मी त्या अरुंद रस्त्यांवर मागच्या सीटवर निवांत झोपू शकलो. संपूर्ण सहलीत वेळेवर खाली असणारा तो एकच माणूस होता. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही हे नोंदवावं. रिंग ऑफ केरी या वळसा घालणाऱ्या रस्त्याच्या १७९ किलोमीटरांत त्याने एकदाही कुणावर हॉर्न वाजवला नाही. आयर्लंडबद्दलही तक्रार नाही. पावसाबद्दलही नाही. आपल्या प्रतिनिधींपैकी तिघांनी मला 'तिकडे पाऊस असतोच' असं समजावलं. गगनबावडा तालुक्यात नोकरी केलेल्या माणसाला पाऊस समजावणं म्हणजे अगदीच हद्द.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या लाँग रूम या जुन्या ग्रंथदालनाबद्दल मात्र लिहायला हवं. आपल्या माहितीपत्रकात ती तक्तपोशीपर्यंत पुस्तकांनी भरलेली आहे. प्रत्यक्षात कपाटं बहुतेक रिकामी, कारण जतनाच्या कामासाठी पुस्तकं हलवायला त्यांनी २०२२ पासूनच सुरुवात केलीय. काम चांगलं आहे, मला रिकामी कपाटंही आवडली. पण फोटो तरी बदला.

ब्लार्नीच्या किल्ल्यात मात्र भरपूर वेळ होता. तिथे उताणं वाकून एका दगडाचं चुंबन घेतलं की माणसाला गोड बोलून समोरच्याला गुंडाळायची कला येते, अशी समजूत आहे. आमच्या गटातल्या अकरा जणांनी रांग लावली. आपल्या कार्यालयात बहुतेक त्याची गरज पडत नसावी.

मी एवढं कडक लिहितोय त्याला आणखी एक कारण आहे. १९९८ साली माझ्या आईवडिलांना मी आपल्याचकडून काशी-हरिद्वारला पाठवलं होतं. हरिद्वारला आईला ताप भरला, तेव्हा आपले तेव्हाचे टूर मॅनेजर गट पुढे पाठवून स्वतः दोन दिवस धर्मशाळेत थांबले. रोज रात्री एसटीडी बूथवरून मला फोन करायचे. आईने मरेपर्यंत त्यांचं नाव काढलं. तेव्हा आपल्याकडे सिस्टिम नव्हती बहुतेक.

तर माझं मागणं असं. न्यूग्रेंजला नेलं नाही हे आपण लेखी मान्य करावं, 'गैरसोयीबद्दल दिलगिरी' या शब्दांत नव्हे. गैरसोय झालेली नाही, फसवणूक झाली आहे. तिसऱ्या दिवसाच्या खर्चाचा आमचा तिघांचा हिस्सा बँक खात्यात परत द्यावा. व्हाउचर नको. आणि कार्यक्रमपत्रिकेत 'भेट' हा शब्द ठेवायचा असेल तर न्यावं, नाहीतर 'नदीच्या अलीकडून बोट दाखवणे' असं छापावं.

पंधरा दिवस वाट बघीन. आपल्या अटींमध्ये बारीक अक्षरांत 'न्यायक्षेत्र मुंबई' लिहिलंय, ते वाचलंय मी, भिंग लावून. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. माझं घर ते आयोगाचं कार्यालय रिक्षाने बारा मिनिटं. मी निवृत्त आहे, तारखांना हजर राहायची मला सवय आहे आणि वहीही माझ्याकडे आहे. आपल्या वकिलांना मात्र दर तारखेला मुंबईहून यावं लागेल. येताना आत जायची तिकिटं काढून यायला सांगा.

अक्कांनी गाडीतच, 'आजच बुक करा' म्हणून माइकवर पुकारा चालला होता तेव्हा, आपल्या जपान सहलीचे २५,००० रुपये भरले होते. ते बुकिंग रद्द करावं. त्यांचं स्वतंत्र पत्र येईल, त्या माझ्याइतकं सौम्य लिहीत नाहीत.

आणि हो, न्यूग्रेंजला नेलं नाही. वरच्या पसाऱ्यात ते हरवू नये म्हणून पुन्हा लिहिलं.

गुण : १. शून्याची सोय नव्हती.

आपला,
(तीन जणांच्या वतीने)
कोल्हापूर

सोबत : बुकिंगच्या वेळचा ईमेल, पावत्या, वहीतल्या सहा पानांची झेरॉक्स, आणि नदीच्या अलीकडून काढलेला फोटो.

ता. क. : ९, १०, ११ नोव्हेंबरला संध्याकाळी पाचनंतर फोन करू नये. मी देवळात असेन.