साताऱ्याजवळ थांबलेल्या ट्रकवाल्या दादांचे आभार

पुणे-बेंगळुरू महामार्गावर सर्व्हिस रोडवरून आलेला टेम्पो आरसा न बघता थेट मधल्या लेनमध्ये घुसला आणि आईबाबांच्या गाडीची डावी बाजू घासत गेला. दादा, तुम्ही ट्रक मागे थांबवून चारही इंडिकेटर लावलेत, 1033 या महामार्ग मदत क्रमांकाला फोन केलात. आईची मान दुखतेय कळल्यावर तिला कुणाला ओढून बाहेर काढू दिलं नाहीत. रुग्णवाहिका येईपर्यंत दोन्ही हातांनी तिचं डोकं स्थिर धरून बोलत राहिलात. गाड्या हलवण्याआधी बाबांच्या मोबाईलवर नंबरप्लेट, ओरखडे, लेनचे पट्टे, काचांचे तुकडे, सगळ्याचे फोटो काढलेत. अशा अपघातात दोघंही ‘तोच माझ्या लेनमध्ये आला’ म्हणतात, त्यामुळे दाव्यात हेच फोटो कामी येताहेत. नाव न सांगता निघालात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ प्रमाणे अपघातात मदत करणाऱ्यावर तशी सक्तीही नाही, पण आईला तुम्हाला भेटायचंय. मनापासून आभार!